औषध चालू आहे

लोक जव्हारला धबधबे बघायला जातात, राजवाडा बघायला जातात, वारली चित्राची चौकट घेऊन परततात. मी गेलो बेडकांची मर्दानगी तपासायला. पान उलटू नका, सगळं सांगतो. आणि जे सांगतो त्यातलं निम्मं तरी खरं आहे, हे प्रवासवर्णनाच्या मानानं फार झालं.

आधी माझी ओळख. तासगावात माझं औषधाचं दुकान आहे. माणसांच्या औषधाचं नव्हे. माणसांची औषधं पथ्यासकट देतात, आम्ही नुसतीच देतो. भुरी, करपा, मिलीबग, तण, ज्याला जे झालं असेल त्याचं औषध माझ्याकडे. शेतकरी ‘औषध’ म्हणतो, मी ‘औषध’ म्हणतो, पाटीवरही ठळक अक्षरांत ‘औषधे’ लिहिलंय. ‘विष’ हा शब्द डब्यावरच्या लाल त्रिकोणात असतो, पण तिथे आम्ही दुकानाचा शिक्का मारतो. तीस वर्षं मी गिऱ्हाइकासमोर बादलीत कोपरापर्यंत हात घालून औषध ढवळून दाखवलं. “बघा, काय होतंय का?” काही होत नसे. माझ्या दुकानात डास शिरायचा तो घरच्यांचा निरोप घेऊनच शिरायचा. मी मात्र ठणठणीत. मिशा तर अशा, की पंचायत समितीच्या निवडणुकीत एका उमेदवारानं फोटोपुरत्या उसन्या मागितल्या होत्या.

मूल नाही आम्हाला. सुमनचे, म्हणजे माझ्या बायकोचे, सगळे उपाय करून झाले. सांगली झालं, मिरज झालं, पुणे झालं. माझे उपाय करायचं काही कारणच नव्हतं. मिशांचं सांगितलंच.

तर माझी भाची मधुरा. प्राणिशास्त्रातली डॉक्टर. तिचा विषय काय, हे तिनं आमच्या ओसरीवर सांगितलं तेव्हा मी कप खाली ठेवला आणि शेजारच्या खिडकीकडे बघितलं. शेतातली रसायनं आणि नरांचं जननस्वास्थ्य. बेडकांचं, माशांचं आणि माणसांचंसुद्धा. गेली चार वर्षं ती जव्हार-मोखाड्यात पावसाळाभर बेडूक धरते.

“मामा, तू चल या खेपेला,” ती म्हणाली. “मला तिथल्या पुरुषांशी बोलायचं असतं. मी विषय काढला की सगळे आभाळ बघतात. तू बोलायला लागलास की समोरच्याला लाजायला वेळच मिळत नाही.”

सुमन आतून म्हणाली, “जा की. बेडकांचं तरी बघून या.”

त्या ‘तरी’कडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

जव्हार, शुक्रवार

जव्हारचा पाऊस वरून खाली पडतो ही आपली समजूत आहे. तो दरीतून वर चढतो, खिडकीतून आत येतो, खुर्चीवर बसतो आणि उठ म्हटलं तरी उठत नाही. लॉजवरच्या माझ्या उशीला शेवाळ आलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याला फुलं धरली.

नाक्यापासून लॉजपर्यंत विजेच्या खांबांवर, मोरीच्या कठड्यांवर, मुतारीच्या भिंतीवर एकच साहित्य: ‘गुप्त कमजोरी’, ‘हमखास ताकद’, ‘एकदा भेटा, जन्मभर मर्द राहा’. एवढे इलाज उपलब्ध असलेल्या मुलखात आजारी पुरुष मात्र एकही नव्हता. मधुरानं ज्या ज्या पाड्यावर विचारलं, तिथे दोष बायकांतच निघाला. पुरुष सगळे ठणठणीत. तपासलेला एकही नाही, म्हणून ठणठणीत. मला मोठं बरं वाटलं. परमुलखात आपल्यासारखीच माणसं भेटली की वाटतं तसं.

लॉजच्या दारात देवराम उभा होता. तिशीचा, काटक, डोक्यावर प्लॅस्टिकचं घोंगडं. सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा. पावसाळ्यात स्वतःची भातलावणी उरकून मधुराला बेडूक शोधून देतो, आणि दिवाळी झाली की नाशिककडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातो.

“हे माझे मामा,” मधुरानं सांगितलं.

“मंग आमचे पन मामा,” देवराम म्हणाला, आणि त्या क्षणापासून मी दोन तालुक्यांचा मामा झालो.

देवरामकडे एक विद्या आहे. तो बेडकाच्या आवाजात हाक देतो. गळा फुगवून, हनुवटी आत ओढून, पोटातून. लॉजच्या पायरीवर त्यानं नमुना म्हणून एकच हाक दिली आणि समोरच्या गटारातून अकरा बेडकांनी ‘हजर’ म्हटलं. बारावा लॉजचा मॅनेजर होता, तो जेवण तयार आहे म्हणून सांगायला आला होता.

जामसर, शनिवार

बेडकाचं लग्न मी आधी पाहिलं नव्हतं. जामसरच्या भातखाचरांत पाहिलं. आमच्याकडे ज्याला आपण मातकट, ढब्बू बेडूक म्हणतो, तो नर या दिवसांत अंगभर पिवळाजर्द होतो, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. खाचरात असे पंधरा-वीस हळद लागलेले नवरदेव एकाच वेळी बोंबलत होते, आणि नवऱ्या बांधावर बसून निवड करत होत्या. एकाही नवरीच्या हातात पत्रिका नव्हती, एकाही नवरदेवाच्या बापानं मान मागितला नाही. आपल्याकडच्या कार्यालयांपेक्षा व्यवस्था उजवी होती. जेवण तेवढं उडतं होतं, ज्याचं त्यानं पकडायचं.

देवराम हाक द्यायचा, नर जबाब द्यायचे, मधुरा वहीत लिहायची. मग एकेकाला धरून मापं घ्यायची, रक्ताचा थेंब घ्यायची आणि सोडून द्यायची. मीही एक धरला. त्यानं माझ्या शर्टाच्या खिशात जे केलं ते लिहीत नाही.

मग आम्ही ओढा ओलांडून पलीकडच्या खाचरांत गेलो. ऐन पावसाळ्यात तिथले बांध तांबूस होते, भाजल्यासारखे. धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तणनाशक. निंदणीला माणूस मिळत नाही, मग पंप पाठीवर घेतला की दोन तासांत बांध साफ.

देवरामनं हाक दिली. काही नाही. गळा आणखी फुगवून दिली. लांबून एक टिटवी बोलली, तेवढंच. अर्ध्या तासानं त्यानं गवतातून एक बेडूक काढला, उलटा केला, अंगठे बघितले, गळा बघितला आणि मधुराच्या हातात दिला.

“नर हाय, मॅडम. पन ह्याला हळद नाय लागली.”

तो खरोखर मातकट होता. गळ्यावर फुग्यांच्या जागी नुसत्या दोन सुरकुत्या.

“आजारी असेल,” मी म्हणालो.

“असेल,” मधुरा म्हणाली. “पण या बाजूला मला असे फार मिळतात. मामा, देवराम हाक देतो तेव्हा बेडूक का फसतात?”

“कारण आवाज त्यांच्यासारखा आहे.”

“तसंच. प्रत्येक जिवाच्या आत अशा हाका चालू असतात. तू नर हो, आता पिवळा हो, आता बीज तयार कर. रक्तातून जातात त्या हाका. यातली काही रसायनं तशीच खोटी हाक देतात, नाहीतर खऱ्या हाकेच्या तोंडावर हात ठेवतात. अंग फसतं. जगात काही ठिकाणी नर बेडकांच्या पोटात अंडी सापडली आहेत. माशांच्या सुद्धा.”

बांधावर एक रिकामं पाकीट पडलं होतं. मधुरानं काठीनं उचललं. “मामा, हे तुझ्या दुकानात असतं?”

“असतं म्हणजे?” मी म्हणालो. “फार सुंदर चालतं!” आणि मग उगाचच टिटवी कुठे दिसते का ते बघितलं.

येताना मला चहाची तल्लफ आली. समोरच्या आळीत एका घरातून धूर येत होता. मी तिकडे वळलो तर देवरामनं बाही धरली.

“तिकडं नको मामा. ती माझी सासुरवाडी.”

“मग तर हक्काचा चहा!”

त्यानं बाही सोडली नाही. मधुरा हळूच म्हणाली, “येत्या शुक्रवारी ते त्याच्या बायकोला, जानकीला, न्यायला येणार आहेत. कायमचं.”

जीपमध्ये कळलं ते असं. देवराम आणि जानकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. देवरामच्या आईनं दुसरी सोयरीक बघून ठेवली आहे. शुक्रवारी सूर्यमाळला बैठक. जाणती माणसं बसतील, कोरा चहा पितील, आणि जानकी भावाबरोबर पत्र्याची पेटी घेऊन जामसरला परत जाईल. देवरामला ते नको आहे. पण ‘नको’ म्हणायला काय कारण द्यायचं, ते त्याला सुचत नव्हतं. बायको आवडते, हे कारण बैठकीत सांगण्यासारखं नसतं. आमच्या तासगावातही नसतं.

सूर्यमाळ, रविवार

सूर्यमाळ एवढं उंच आहे की ढग खालून वर येताना दम खायला तिथल्या अंगणात टेकतात. देवरामच्या अंगणात दोन टेकले होते. त्याच्या आईनं त्यांना हाकललं आणि आम्हाला बसायला घोंगडी टाकली. पाटावर बसल्यासारखी ताठ म्हातारी. डोळ्यांनी माझ्या मिशा मापल्या आणि विचारलं, “तुमाला पोरां किती?”

“बेडूकच फार आहेत सध्या,” मी म्हणालो. माझ्या विनोदाला ती हसली नाही.

जेवण मात्र असं, की मी तिथेच जमीन बघायला सुरुवात केली होती. नागलीची, आमच्याकडच्या नाचणीची, तव्याएवढी भाकरी, खेकड्यांचा लाल रस्सा, वास्त्याची म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. इथे आग्रह नाही, पान रिकामं दिसलं की वाढतात, आणि नको म्हणायला तोंड उघडलं की त्यात खेकडा असतो. वाढत होती जानकी. बारीक, चपळ, बोलण्यात देवरामच्या चार पावलं पुढे.

“खा मामा,” ती म्हणाली. “खेकडं वरच्या वहाळातलं हाय. खालच्या खाचरातलं आमी नाय खात. ह्येच सांगतात, तिकडं औषध हाय म्हून.”

“तुला कळतं की सगळं!” मी देवरामला म्हणालो.

“खेकड्याचं कळतं,” जानकी म्हणाली.

मग तिनं मला पाणी दिलं. निळ्या कॅनमधून. कॅन मी ओळखला. झाकणाची घडण, बाजूची मूठ, पुसट झालेला लाल त्रिकोण. पाच लिटरचा. हा माल मी स्वतः विकतो, आणि हंगाम संपला की रिकामे कॅन गिऱ्हाइकांना फुकट वाटतो, पुण्य म्हणून. असे तीन होते ओळीनं. उन्हाळ्यात इथे पाण्याला कोसभर उतरावं लागतं. हंड्यापेक्षा कॅन बरा, मूठ आहे, सांडत नाही. बागेच्या सेठनं कौतुकानं दिलेले. “सात येळा धुतलंत,” जानकी म्हणाली. मी तीस वर्षांत पहिल्यांदा पाण्याला नको म्हटलं.

जेवणानंतर मधुरानं दवाखान्याचे कागद मागितले. जानकीनं पिशवी आणली. तपासण्या, गोळ्या, सोनोग्राफी. त्याशिवाय भगताचे अंगारे, दोन कोंबडे, आणि कसल्याशा कडू पाल्याचा रस, जो सासू तिला रोज सकाळी समोर उभी राहून पाजते. जानकीत दोष काही सापडला नव्हता. मधुरा कागद चाळत होती ती एकावर थांबली.

“देवराम, तुझी तपासणी झालीय? इथे लिहिलंय, ‘पतीचे औषध चालू आहे.’”

“हो. चालू हाय.”

“कधीपासून?”

“आठ वर्सं झाली.”

मधुरा गोंधळली. मी मात्र मिशीवरचा हात खाली घेतला. डॉक्टरीणबाईंना जे कळत नाही ते दुकानदाराला कळतं.

“देवराम,” मी विचारलं, “औषध घेतोस का मारतोस?”

“मारतो की मामा! घेनार कशाला? दिवाळीपासून होळीपातूर, द्राक्षावर. पाठीवर पंप. डॉक्टरनी इचारलं, नवऱ्याचं औषध चालू हाय का? मी बोललो, हो, चालू हाय. तो बोलला, मंग बरं हाय, आता बायकोचं बगू.”

मी हसलो. मोठ्यानं हसलो, ढग उठून गेले. मग बघितलं तर आणखी कुणी हसत नव्हतं. जानकी हातातली पिशवी घेऊन तशीच उभी होती. सहा वर्षं तिच्या एकटीच्या तपासण्या झाल्या, कारण नवऱ्याचं औषध चालू होतं.

“तोंडाला काय बांधतोस?” मधुरानं विचारलं.

“गरम होतं, मॅडम. टॉवेल डोक्याला असतो.”

“आणि औषध ढवळतोस कशानं?”

“हातानं. सेठच दाखवतात हात घालून, बगा काय होतं का.”

मी दाराबाहेर बघत राहिलो. ही युक्ती माझी एकट्याची नाही, एवढं कळलं.

मधुरा म्हणाली तपासणी करू. देवरामनं मान खाली घातली. आई कडाडली, “माझ्या पोऱ्यात काय कमी हाय? पुरुषाला कोन तपासतं?” देवरामच्या मानेवरून मला दिसलं की हा आता आभाळ बघणार. तेव्हा मी उठलो आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारल्याच्या आवाजात म्हणालो, “त्यात काय! मी देतो की तपासायला. दोघं जाऊ. माझा आकडा बघून मशीन फुटलं तर भरपाई मी करीन.”

थाप मारून झाल्यावर लक्षात आलं की ही खरी करावी लागणार.

पुन्हा जव्हार, बुधवार

तीन दिवस पथ्य पाळायचं होतं, म्हणून बुधवार. खाली साड्यांचं दुकान, वर लॅब. टेबलाशी एक मुलगी बसली होती, तिनं वहीतून मान वर न करता अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं विचारलं, “वीर्य तपासणी कोण कोण?” साड्यांच्या दुकानातली घासाघीस थांबली.

“किती दिवस संबंध नाही?”

“तीन,” देवराम म्हणाला.

मी माझा आकडा सांगितला. तिनं मान वर केली, पेन खाली ठेवलं, आणि “काका, बसा ना” म्हणाली.

खोली म्हणजे अडगळ. मोडका पंखा, खोक्यांची चळत, भिंतीवर हात स्वच्छ धुण्याचे सहा प्रकार. देवराम जाऊन आला. मग मी गेलो. मी बोलण्यात तरबेज आहे, बोलून मी आडात पडलेला बैल वर काढलाय. पण त्या खोलीत बोलून उपयोग नव्हता. बऱ्याच वेळानं बाहेर आलो तर देवराम जिन्यात वाट बघत होता.

“मामा, घाम किती आला तुमाला!”

“पंखा मोडलाय,” मी म्हणालो.

शिरपामाळ, गुरुवार

दोन बंद पाकिटं घेऊन आम्ही शिरपामाळावर गेलो, कारण लॅबच्या जिन्यात उघडायची हिंमत तिघांनाही नव्हती. सुरतेला जाताना महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजानं त्यांना मानाचा शिरपेच खोवला, असं सांगतात. मी त्या जागी उभं राहून छाती काढून फोटो घेतला. दऱ्या हिरव्यागार, वाऱ्यानं माझी टोपी थेट गुजरातेत पोचवली. शर्टाच्या खिशात पाकीट टोचत होतं.

देवरामनं त्याचं लगेच फोडलं. उलटसुलट बघितलं, मधुराला दिलं.

“आहेत,” ती वाचून म्हणाली. “पण फार कमी. आणि आहेत त्यातले पुष्कळसे हलत नाहीत.”

“म्हंजे नाय होनार?”

“असं नाही. वाट बंद नाही, अवघड आहे. एका तपासणीवर निकाल लागत नसतो, परत करावी लागेल.”

“औषधानं झालं?”

“एका माणसाकडे बघून शपथेवर कुणीच सांगू शकणार नाही, देवराम. तंबाखू खातोस, तेही आहे. पण आठ हंगाम अंगावर फवारा घेतलास. त्याचा हात असणार असं मला वाटतं. नवं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. त्यापासून लांब राहिलास तर सुधारू शकतं. सुधारेलच असं वचन देत नाही.”

त्यानं कागद परत घेतला आणि नीट घडी घातली. मी नेहमीसारखं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “तो बिनहळदीचा बेडूक. त्याला सोडला ना आपन?”

“सोडला.”

“कुठं?”

“वरच्या वहाळात.”

“बरं क्येलं.” मग उठता उठता, “मामा, तुमचं काय आलं?”

“माझं होय? वाचतो जीपमध्ये. चष्मा तिकडे राहिला.”

चष्मा माझ्या नाकावर होता. दोघांनाही दिसत होता.

सूर्यमाळ, शुक्रवार

बैठक बसली. जानकीचा बाप, भाऊ, पाड्यावरची तीन जाणती माणसं, आई खांबाला टेकून. दाराशी जानकीची पत्र्याची पेटी, वर दोरी बांधलेली. कोरा चहा फिरला. एकानं सुरुवात केली, की पोरीचा काही राग नाही, पण घर पुढं चाललं पाहिजे.

मी ठरवून आलो होतो. खाकरलो, उभा राहिलो आणि विश्वाच्या उत्पत्तीपासून आरंभ केला. मत्स्यावतारापर्यंत आलो असेन, तेवढ्यात देवराम म्हणाला, “मामा, तुमी बसा.”

तो उभा राहिला. हातात तो कागद. कागद त्याला वाचता येत नव्हता, आणि समोरच्यांनाही. तरी त्यानं तो सगळ्यांना दिसेल असा धरला.

“हिच्यात काय नाय. हिला धा वेळा तपासली. मला एकदाच तपासला, जव्हारला. कमी माझ्यात हाय.” घसा साफ केला. “आठ वर्सं मी औषध मारलं. द्राक्षाला लागू पडलं, मला पन लागू पडलं.”

एवढी शांतता मी फक्त दुकानात उधारीची वही काढल्यावर ऐकली आहे. एक म्हातारबुवा चाचरत म्हणाले, “पुरुषाचं तपासतात व्हय? ह्या मामांनी पन तपासलं बोलतात. त्यांचं काय निगालं?”

सगळ्या माना वळल्या. पाकीट माझ्या खिशात, पावसानं भिजून छातीला चिकटलेलं.

“माझं,” मी म्हणालो, “अजून टाइप व्हायचंय.”

जानकीनं माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. मला माझी मिशी पहिल्यांदाच जड झाली.

आईचा आवाज आला, पण रविवारचा नव्हे. “मंग सहा वर्सं तो कडू पाला मी हिला पाजला, तो?”

“उरलाय की आयस,” जानकी म्हणाली. “मडकंभर हाय. आता तुमच्या पोऱ्याला पाजा.”

पहिला हसला जानकीचा बाप. मग भाऊ, मग म्हातारबुवा चहासकट. आई हसली नाही, पण पदर तोंडाला लावला, आणि पदराआड काय होतं ते मी बघायला गेलो नाही.

“पोरी, मंग येतेस का ऱ्हातेस?” बापानं विचारलं.

“सहा वर्सांत मला आज इचारता?” ती म्हणाली. “ऱ्हाते. पन ह्या वर्साला नाशिक नाय. गेला तर मी माझी जाईन, न्यायाला कोनी येयाची गरज नाय.”

“भिवंडीला जातो, गोदामात,” देवराम म्हणाला. “वझी उचलीन.”

जानकी उठली, कोयता घेतला, आणि ते तीन निळे कॅन अंगणात नेऊन एकेकाला तीन-तीन ठिकाणी भोसकलं. भावानं विचारलं, “अगं, उन्हाळ्यात पाणी कशात आनशील?”

“हंडा हाय. आनि डोकी आता दोन हायेत,” ती म्हणाली, आणि कोयत्यानं देवरामकडे दाखवलं.

निघताना मला एक पायली नागली आणि वास्त्याचा जुडगा मिळाला. जीप वळणावर आली तेव्हा मागून देवरामनं हाक दिली, पोटातून, पिवळ्या नवरदेवासारखी. खालच्या, वरच्या, सगळ्या वहाळांतून जबाब आले. मीही हॉर्न दिला. तो मात्र वाजला नाही. हॉर्नमध्ये पाणी गेलं होतं.

तासगाव

घरी पोचलो ते दुपारी. सवयीप्रमाणे ओसरीवरूनच सुरू झालो: उशीला आलेली फुलं, अंगणात टेकलेले ढग, गुजरातेत गेलेली टोपी. सुमननं नागली सुपात ओतून घेतली, वास्ते निवडायला बसली. देवरामचं सांगताना मात्र माझा आवाज उतरला. बैठकीत तो उभा राहिला ते सांगितलं. जानकीनं मडक्याचं काय म्हटलं ते सांगितलं. सुमन हसली, मग हसायची थांबली, आणि वास्त्याचा एकच कोंब बराच वेळ सोलत राहिली.

मी खिशातून पाकीट काढलं. ओलं होऊन सुकलेलं, कडा वळलेलं, बंद. तिच्यापुढे सुपाशेजारी ठेवलं.

तिनं हात पदराला पुसले. पाकीट उचललं, उजेडाला धरलं, उघडलं नाही.

“किती पानं आहेत?”

“एक.”

तिनं माळ्याकडे बघितलं. तिथे तिच्या कागदांच्या दोन कापडी पिशव्या आहेत, तोंडं बांधलेल्या. सांगली, मिरज, पुणे.

“शिडी आणा,” सुमन म्हणाली. “त्या दोन्ही खाली काढा. आज सगळं वाचायचं. आधी माझं, पहिल्या कागदापासून. तुमचं सगळ्यांत शेवटी. आणि मोठ्यानं वाचा. आवाज मोठा आहे ना तुमचा.”

मी शिडी आणायला गेलो.